शून्याचा फेरा

नाशकातल्या भांडीबाजारातलं आमचं दुकान बंद केलं तेव्हा वाटणीत कोणाला तराजू मिळाला, कोणाला तिजोरी. काळा फोन माझ्याकडे आला, कारण तो कोणालाच नको होता. बेकेलाइटचा, हातात घेतला की मनगट खाली जाईल असा, तळाला बंगळूरच्या इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीजची खूण. दुकानात बटणांचा फोन आल्यावर हा न्यायला कोणी फिरकलं नाही, आणि तो पितळी घंगाळांच्या मागे वीसेक वर्षं पडून राहिला.

त्याचं दुखणं डायलचं होतं. एक, दोन, तीन ठीक. शून्य फिरवलं की चकती अर्ध्या वाटेपर्यंत कण्हत यायची आणि तिथेच बसायची. बोटाने टोचली की उरलेलं अंतर कापायची. घरात लँडलाइनच नाही, मग हा दुरुस्त करून करणार काय, हा बायकोचा प्रश्न बिनतोड होता. मी काही न बोलता जेवणाच्या टेबलावर जुना टॉवेल पसरला आणि स्क्रू ठेवायला चहाच्या बश्या मांडल्या.

तळाचे स्क्रू सैल केले की वरचं कवच अख्खं उचलून येतं. डायलच्या पाठीला पाच तारा होत्या. सोडवण्याआधी मोबाइलवर फोटो काढला, शिवाय प्रत्येक तारेला वेगळ्या रंगाचा दोरा बांधला. लाल आणि तपकिरी तार फोटोत सारखीच दिसते, हे मी एकदा मिक्सर उघडून शिकलो होतो. मिक्सर पुढे चालला नाही.

डायलच्या मधोमध, पारदर्शक टिकलीखाली, गोल कापलेला कागद होता. त्यावर काकांच्या अक्षरात दुकानाचा नंबर, आकड्यांना हिशेबाच्या वहीतलं वळण. भोवतालचं कडं नखाने उचकटलं आणि कागद काढला, तर खाली आणखी एक कागद. त्यावर त्याहून जुना, एका आकड्याने लहान नंबर. बदलून आलेला नंबर काकांनी जुन्यावरच चिकटवला होता; आमच्याकडे काहीच टाकत नाहीत. कागदांच्या खाली एक स्क्रू. तो काढला की दहा भोकांची चकती मोकळी होते. तिच्या मागे जो काळा थर होता त्यात नोटा मोजणारी आणि चिंचेने तांबं घासणारी आमची सगळी पिढी होती. जुन्या टूथब्रशने आणि साबणाच्या पाण्याने चकती धुतली. पांढरी निघाली नाही, पण ताकासारखी झाली.

खरी मजा पाठीमागे. तिथे एक लहानशी धातूची वाटी असते, तिच्यात दोन इवलीशी वजनं फिरतात. चकती वेगाने परतू लागली की ती बाहेर फेकली जाऊन वाटीच्या कडेला घासतात आणि वेग आवरतात. हा गव्हर्नर. चकती ओढताना नंबर जातच नाही, हे मला इतक्या वर्षांनी कळलं. ओढून आपण आतल्या स्प्रिंगला फक्त चावी देतो. नंबर जातो तो चकती सोडल्यावर, परतीच्या वाटेवर. एकाला लाइन एकदा तुटते, पाचाला पाचदा, शून्याला दहादा, आणि फोन जोडून देणारं एक्सचेंज हे तुटणं मोजतं. सेकंदाला दहा, हा वेग. म्हणजे शून्याला पुरता एक सेकंद, आणि तुम्ही चकती कितीही घाईने ओढा, त्या सेकंदात काही फरक पडत नाही.

म्हणूनच डायलला कुलूप लावलं तरी हूक, म्हणजे रिसीव्हर ठेवला की खाली दबणारी खिट्टी, टपटप दाबून नंबर लावता यायचा. शून्याला दहा टिचक्या. काकांनी भोकात अडकवायचं पितळी कुलूप आणलं होतं, तरी बिल का उतरत नाही याचं कोडं त्यांना कितीतरी वर्षं सुटलं नव्हतं. मला सुटलेलं होतं.

या आकडे मोजणाऱ्या एक्सचेंजच्या मुळाशी एक दुखावलेला दुकानदार आहे. अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत अल्मन स्ट्रोजर हा अंत्यविधीची व्यवस्था करण्याचा धंदा करायचा. एक्सचेंजवरची बाई आपलं गिऱ्हाईक दुसऱ्याकडे जोडून देते, असा त्याला संशय आला म्हणे. त्याने १८९१ साली मधली बाईच नको अशा एक्सचेंजचं पेटंट मिळवलं. फिरत्या डायलची भर नंतर पडली. गिऱ्हाईक शेजारी गेलं म्हणून माणूस कुठवर जाईल, हे भांडीबाजारात वाढलेल्याला समजावून सांगावं लागत नाही. फक्त आमच्याकडे अशा वेळी पेटंट घेत नसत, शिव्या देत.

आमच्या नंबरात दोन शून्यं होती, आणि काका ज्यांना सारखा फोन करायचे त्यांच्याही नंबरात होती. परतणाऱ्या चकतीची वाट पाहणं काकांना कधी जमलं नाही. ते बोट भोकात तसंच ठेवून चकती मागे ढकलायचे. लाइनमनने दोनदा सांगून पाहिलं. ढकललं की ठोके घाईने जातात, एक्सचेंजची मोजणी चुकते आणि फोन भलत्याच घरी वाजतो.

एका पावसाळ्यात गोदावरी चढत होती. पाणी आलं की सराफबाजार, दहीपूल, भांडीबाजार ओळीने भिजतात, म्हणून खालच्या मांडणीतली भांडी माळ्यावर चढवायची की नाही हे ठरवायचं होतं. काकांनी पंचवटीतल्या व्याह्यांना फोन लावला. ढकलत. पलीकडून कोणी उचलताच, हॅलो नाही की नाव नाही, "कुठवर आलंय?" पलीकडची बाई म्हणाली, "मारुतीच्या छातीला लागलं!" काकांनी फोन ठेवला आणि आम्ही रात्री दहापर्यंत पातेली वर चढवली. दुसऱ्या दिवशी व्याही म्हणाले, तुमचा फोन तर आलाच नाही. ती बाई कोण, आजतागायत माहीत नाही. पण नाशकात गोदावरीचा पूर नदीकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरूनच मोजतात; पावसाळ्यात "कुठवर आलंय" म्हटल्यावर त्याच्याशिवाय दुसरं उत्तर तरी काय येणार?

तर दुरुस्ती. आतलं ग्रीस वाळून चिक्कीसारखं झालं होतं. ते काडीने खरवडलं आणि शिवणयंत्राचं तेल सढळ हाताने सोडलं. इथे चुकलो. तेल वाटीत उतरलं, वजनं घासण्याऐवजी घसरू लागली, आणि कण्हणारा डायल एकदम उधळला. शून्याचा आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करून पाहिला, तर दहा टकटकी पाऊण सेकंदात संपलेल्या. वाटी पुन्हा उघडून स्पिरिटच्या बोळ्याने कोरडी केली. रविवार कारंजाजवळच्या घड्याळजींनी सुईच्या टोकावर घड्याळाचं तेल दिलं, तेही फक्त आसाला लावण्यापुरतं. पैसे घेतले नाहीत. "वाटीत थेंब गेला तर परत येऊ नका," एवढंच म्हणाले.

सगळं जोडताना स्प्रिंग हातातून सुटली आणि तिचा ताण गेला. किती फेरे होते ते मोजायला मी विसरलो होतो. एक फेरा दिला तर चकती आठाच्या पुढे सुस्तावे. दोन दिले तेव्हा बरी परतली. रात्री साडेअकराला स्वयंपाकघरात खर्रर्र असा तो आवाज आला आणि बायको आतून म्हणाली, "दुकान उघडलं का?" पुन्हा रेकॉर्ड केलं. दहा ठोके, एक सेकंद. दोन्ही कागद होते त्याच क्रमाने परत बसवले.

पुढच्या रविवारी फोन पिशवीत घालून सिडकोला काकांकडे घेऊन गेलो. ते आता शहाऐंशीचे आहेत. त्यांनी तो मांडीवर घेतला, टिकलीवरून अंगठा फिरवला, रिसीव्हर कानाला लावला आणि आमच्याच दुकानाचा नंबर फिरवायला लागले. पहिल्याच शून्याला बोट भोकात तसंच ठेवून चकती मागे ढकलली.

"काका, अहो ढकलू नका, आत्ताच नीट केलाय."

"अरे, एवढा वेळ कोणाला आहे," म्हणत त्यांनी दुसरं शून्यही ढकललं. मग तार कुठेच न जोडलेल्या त्या फोनला थोडा वेळ कान लावून बसले आणि रिसीव्हर ठेवत म्हणाले, "एंगेज लागतोय."