हात दाखवा, अक्का

सोलापूरजवळच्या कुंभारीच्या विडी घरकुलातून, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीतून, आलेल्या अक्कांनी दोन्ही हात पदराआड धरले होते. मी त्वचेची डॉक्टर, पण त्यांनी दुखणं सांगितलं ते गळ्याखालच्या हाडाचं. रात्री कुशीवर वळता येत नव्हतं. आधी एका ठिकाणी टीबी समजून सहा महिने गोळ्या झाल्या होत्या, तरी सूज जागची हलली नव्हती.

"मग माझ्याकडे कशाला आलात? हात दाखवा, अक्का."

तळहातभर पिवळ्या पुवाच्या बारीक पुटकुळ्या, काही सुकून तपकिरी झालेल्या. तळपायांचंही तेच. "माल घेत न्हाईत म्याडम, लागण होईल म्हणतात." पू तपासला तर त्यात जंतू वाढलेच नाहीत. हा रोग संसर्गजन्य नाही, अशी चिठ्ठी मी औषधाआधी लिहून दिली. त्यांची चूल त्या हातांवर चालते.

हात आणि हाड एकत्र पाहिल्यावर मला सॅफो (SAPHO) या आजाराची शंका आली. सांध्यांचा दाह, मुरूम, पुटकुळ्या, हाड जाड होणं आणि हाडाचा दाह यांच्या इंग्रजी आद्याक्षरांतून हे नाव बनतं; ते फ्रेंच डॉक्टरांनी 1987 साली दिलं. पाचही गोष्टी एकाच माणसात असतातच असं नाही. बोन स्कॅनमध्ये छातीचं हाड आणि दोन्ही बाजूंचे सांधे असे उजळले होते की बैलाचं शिंगांसकट डोकंच दिसावं. अक्का म्हणाल्या, "नंदीच की!"

साध्या वेदनाशामक गोळ्यांनी जेमतेम उतार पडला. मग हाडांच्या डॉक्टरांशी बोलून पॅमिड्रोनेट हे हाडांची झीज रोखणारं औषध सलाईनमधून द्यायचं ठरलं. पण मिश्रीनं झिजलेल्या दातांत एक दाढ किडलेली होती. या औषधावर असताना दाढ काढली तर जबड्याचं हाड भरून न येण्याचा धोका असतो. म्हणून आधी दाढ काढली, जखम भरू दिली, कॅल्शियम आणि किडनी तपासली. अक्का रोज विचारायच्या, सुई कधी? थांबवणं मलाही जड गेलं.

सलाईन दिलं त्या रात्री ताप आला. असं होऊ शकतं हे मी आधीच सांगितलं होतं, म्हणून घरचे घाबरले नाहीत. पॅरासिटामॉलवर निभावलं.

महिन्यानं आल्या तेव्हा हात वर करून अंबाड्यात गजरा माळलेला होता. पुटकुळ्या मात्र तशाच. हे औषध हाडाला जितकं लागू पडतं तितकं त्वचेला पडत नाही. आता यकृताच्या तपासण्या करून मेथोट्रेक्झेट ही दाह आवरणारी गोळी सुरू करतेय. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची, रोज घेतली तर जिवावर बेतते. वार तुम्हीच ठरवा म्हटलं. मजुरी मिळते तो वार त्यांनी सांगितला. तो मी चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत लिहिला, आणि लेकीकडून तेलुगूतही लिहून घेतला.