डायपर बदलताना बाळाचे हात

पट्टी सुटली की बाळाचा हात थेट घाणीत, तिथून तोंडात. म्हणून नवं डायपर नि कोमट पाण्यात पिळलेलं फडकं आधीच हाताशी ठेवा. बेळगावच्या पावसाळ्यात गार फडकं लागलं, की बाळ हात जास्तच झाडतं.

तान्ह्याचे हात अंगालगत ठेवून दुपटं छातीवरून आडवं घ्या, टोकं पाठीखाली खोचा. दोन बोटं सहज आत जावीत. आवळलं तर बाळ जास्तच चिडतं. काम झालं की लगेच सोडा.

पालथं पडणाऱ्या बाळाला बांधू नका. त्याला सतरंजीवर, खालीच घ्या; पलंग नकोच. दोन्ही हातांत काहीतरी द्या, एका खुळखुळ्याने दुसरा हात मोकळाच राहतो. वाटी-चमचा उत्तम, आवाज तेवढा सोसा!