गिटहब सीएलआय आणि दोन अकाउंट : माझा अनुभव

आमचं ऑफिस उद्यमनगरात, फाउंड्रीवाल्यांसाठी स्टॉक आणि बिलिंगचं सॉफ्टवेअर करतो, टीम छोटी त्यामुळं एकमेकांचा कोड सगळेच बघतात. माझा लॅपटॉप जुना, विंडोजवर डब्ल्यूएसएल (विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय), त्यात उबंटू २२.०४ हे लिनक्स, आणि ब्राउझरमध्ये टॅब वाढले की फॅन पिठाच्या गिरणीगत ओरडतो. म्हणून म्हटलं पुल रिक्वेस्टचं (पीआर, म्हणजे माझा बदल बघून मुख्य कोडमध्ये घ्या अशी विनंती) काम टर्मिनलवरनंच करू, आमचा कोड असतो त्या गिटहबचं जीएच हे कमांडनं चालणारं टूल (सीएलआय) आहेच की.

नुसतं एपीटीनं (उबंटूची सॉफ्टवेअर टाकायची कमांड) जीएच टाकलं तर २.४ व्हर्जन येतं. मला ऑफिसचं न् स्वतःचं अशी दोन अकाउंट ठेवायची होती आणि त्यासाठीची, एका अकाउंटवरनं दुसऱ्यावर जायची ऑथ स्विच कमांड आली २.४० ला. मी म्हटलं दोन्ही एकच की, तर शेजारचा दादा म्हणतो, "भावा, गणिताचा पेपर न्हाई हा, ते चाळीस हाय." दोन्ही व्हर्जनच्या मधे दोन वर्षं गेलीत राव. मग गिटहबची स्वतःची एपीटी रेपॉझिटरी जोडली, म्हणजे त्यांची सही तपासायची चावी (की) कीरिंग फोल्डरात ठेवायची, सोर्सची एक ओळ घालायची, मग अपडेट आणि इन्स्टॉल.

ऑथ लॉगिन दिल्यावर चार-पाच प्रश्न विचारतं. मी एचटीटीपीएस निवडलं, कारण मग गिट पुशलाही (कोड गिटहबवर पाठवायला) तेच लॉगिन चालतं, टोकन (पासवर्डऐवजी द्यायचा लांबलचक कोड) चिकटवत बसायला नको, पुशला पासवर्ड तर ऑगस्ट २०२१ पासनं बंदच आहे. आठ अक्षरांचा कोड आला, एंटर मारला, पण ब्राउझर काय उघडेना, डब्ल्यूएसएलमधनं होतं असं कधी कधी. मोबाईलवर गिटहब डॉट कॉम स्लॅश लॉगिन स्लॅश डिव्हाइस उघडून कोड टाकला, झालं. दुसऱ्या अकाउंटला मात्र मोबाईलवर आधी अकाउंट बदला, नाहीतर पहिलंच परत जोडलं जाईल. आणि स्विचनं फक्त लॉगिन बदलतं हां, कमिटवरचं (सेव्ह केलेल्या बदलाच्या नोंदीवरचं) नाव-ईमेल गिट कॉन्फिगमधलंच राहतं, ते प्रत्येक रेपोत (प्रोजेक्टच्या कोड-फोल्डरात) वेगळं लावून ठेवा.

वापरायला सगळ्यात भारी म्हणजे पीआर चेकआउट, पुढं नंबर द्यायचा की समोरच्याची ब्रँच (त्याच्या बदलांची वेगळी प्रत) आपल्याकडं हजर. पीआर क्रिएटला फिल लावलं तर कमिट एकच असेल तर टायटल त्यातनंच उचलतं, जास्त असतील तर वर्णनात कमिटांची यादी येते, त्यामुळं "फिक्स", "फिक्स २" असली कमिटं लिहिणाऱ्यांची आमच्यात जरा पंचाईत झालीय, बरं झालं.

गिटहबवर आपोआप चालणारी टेस्ट फुटली की रन व्ह्यूला लॉग-फेल्ड लावतो, फक्त फुटलेल्या स्टेपचा लॉग येतो. परवा जीएसटीच्या राउंडिंगला असंच झालं, ११८.०० पाहिजे होते न् आले ११७.९९, ती ओळ थेट समोर, हजार ओळी खाली-वर करायला नको.

कोडच्या एकेका ओळीवर कमेंट टाकायला मात्र मी अजून पीआर व्ह्यूला वेब लावून ब्राउझरच उघडतो, तेवढा फॅनचा आवाज सोसतो.