चार्ल्स टाउनचं कोर्ट

हार्पर्स फेरीला जाणारी आपली मराठी मंडळी बहुतेक नद्यांचा संगम बघून माघारी फिरतात. पण थोडी वाट वाकडी केली की वेस्ट व्हर्जिनियातलंच चार्ल्स टाउन लागतं. तिथलं कोर्ट बघाच.

भर चौकात लाल विटांची इमारत, पुढे जाडजूड पांढरे खांब, वर घड्याळाचा मनोरा. गुलामगिरीविरुद्ध उठाव करणाऱ्या जॉन ब्राऊनवर 1859 साली इथेच खटला चालला. जखमी ब्राऊन खाटेवर पडूनच सुनावणी ऐकत होता. बहुतेक लोक त्याच्यासाठी येतात. मला ओढ होती खाणकामगारांवरच्या 1922 च्या खटल्याची.

राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला, दक्षिणेतल्या कोळसा खाणींत युनियनचं नाव काढलं की काम जायचं आणि कामाबरोबर कंपनीचं घरही. कुटुंबंच्या कुटुंबं तंबूत राहत होती. 1 ऑगस्ट 1921 ला कामगारांची बाजू घेणाऱ्या सिड हॅटफिल्ड या पोलीसप्रमुखाला वेल्चच्या कोर्टाच्या पायऱ्यांवर, बायकोदेखत, मालकांच्या भाडोत्री डिटेक्टिव्हांनी गोळ्या घातल्या. मग हजारो खाणकामगार गळ्यात लाल रुमाल बांधून, बंदुका घेऊन निघाले. ब्लेअर माउंटनवर लोगन काउंटीच्या शेरीफची माणसं मशीनगन रोखून बसली होती. त्यांनी विमानांतून बॉम्बसुद्धा टाकले. अखेर लष्कर आलं, तेव्हा कामगारांनी माघार घेतली.

मग या कामगारांवर आणि त्यांच्या पुढाऱ्यांवरच खटले भरले. आणि आरोप कसला, तर राज्याविरुद्ध द्रोहाचा! ब्राऊनला फासावर चढवणाऱ्या आरोपांतला एक हाच होता. लोगनमध्ये निःपक्ष ज्यूरी मिळणं अशक्य, म्हणून खटला इथे, शेतीवाडीच्या गावात आणला. सरकारच्या बाजूने किल्ला लढवत होते खाणमालकांचे वकील. पोटासाठी आणि संघटनेसाठी भांडणाऱ्याला द्रोही ठरवायचं, तेही मालकांच्या खर्चाने, हे वाचून आजही माझं रक्त तापतं. कामगारांनी जपून ठेवलेला, न फुटलेला एक बॉम्ब पुरावा म्हणून कोर्टात आला. त्या लोखंडाकडे ज्यूरीतल्या शेतकऱ्यांनी कसं पाहिलं असेल, याचाच विचार मी आवाराबाहेर उभा राहून करत होतो.

तिशीही न गाठलेला कामगार पुढारी बिल ब्लिझर्ड निर्दोष सुटला. वॉल्टर अ‍ॅलन मात्र दोषी ठरला, आणि जामिनावर असताना जो गायब झाला तो कायमचाच. खटल्यांच्या खर्चाने युनियन खंगली. दक्षिणेतल्या त्या खाणींत ती पुन्हा उभी राहायला 1933 साल उजाडलं.