तुम्ही विचारलंत म्हणून: रातकिड्यांचा डबा सांडला, आता काय?

"गेकोसाठी (पालीसारख्या पाळीव सरड्यासाठी) खाऊ म्हणून आणलेला रातकिड्यांचा डबा सांडला, निम्मे किडे कपाटांखाली पळाले. घरात मांजर आहे, फिशटँक आहे. फवारा मारू का?" हा प्रश्न नेहमी येतो. नका मारू. घरगुती फवाऱ्यांत बहुधा पायरेथ्रॉइड गटातलं औषध असतं. त्यातलं पर्मेथ्रिन मांजराच्या शरीराला नीट पचवता येत नाही. माशांना आणि पाळलेल्या कोळ्यांना हा सगळा गटच घातक आहे, आणि टँकचा हवेचा पंप खोलीतली तीच हवा पाण्यात सोडत असतो. शिवाय औषध लागलेला, लडखडणारा किडा गेकोला सगळ्यात सोपा घास वाटतो. सुटलेल्या किड्यांपेक्षा या उपायाचाच धोका मोठा.

खाऊ म्हणून आणलेल्या किड्यांपैकी नेमकं कोण सुटलंय, हे आधी बघा. मीलवर्म (भुंग्यांच्या अळ्या) असतील तर वेचून घ्या आणि पिठाकोंड्याचे डबे घट्ट लावा, कारण त्यांचे भुंगे धान्यात वाढतात. डुबिया झुरळांना ऊब आणि दमटपणा लागतो, गुळगुळीत काचेवर चढता येत नाही, वाढही सावकाश. कोरड्या घरात त्यांचा संसार सहसा जमत नाही. रेड रनर झुरळं मात्र चपळ असतात आणि अंड्यांच्या कुप्या टाकतात, तिथे आठवडाभराचीही ढिलाई नको.

रातकिड्यांना पाणी लागतं. म्हणून रात्री बेसिन पुसून कोरडं करा, जाळीवर झाकण ठेवा, कुंड्यांखालच्या ताटल्या रिकाम्या करा. मग सापळा लावा. दीड-दोन लिटरची गुळगुळीत, उभ्या भिंतीची बरणी घ्या. तळाशी मूठभर कोंडा आणि गाजराचा किंवा बटाट्याचा ताजा काप टाका. आतून काठाखाली 4-5 सेंटीमीटर रुंद पट्ट्यात पेट्रोलियम जेलीचा अगदी पातळ थर द्या. जाड थरात छोटे किडे अडकून मरतात. बाहेरून तळापासून काठापर्यंत खरखरीत कापडी टेप चिकटवा. हा चढ नसेल तर बरणी रात्रभर रिकामीच राहते, आणि लोक नेमकं हेच विसरतात. बरणी खोलीच्या मधोमध नको, भिंतीला लागून फ्रिजच्या मागे किंवा पिंजऱ्याच्या हीटरजवळ ठेवा. मांजर पाडेल अशी भीती असेल तर वर उलटा क्रेट ठेवून त्यावर वजन द्या. काप रोज बदला, वाळलेल्या गाजराकडे कोणी फिरकत नाही.

ओरडणारा नर शोधायला धावू नका. पावलांची थरथर जाणवली की तो गप्प होतो. दिवा मालवून थांबा, थोडं सरका, पुन्हा थांबा. सापडला की व्हॅक्यूमच्या नळीच्या तोंडावर पातळ मोजा रबराने बसवून ओढून घ्या. किडा मोज्यात जिवंत राहतो.

चिकट सापळे उघड्यावर मुळीच ठेवू नका. सुटलेला गेको किंवा मांजराचा पंजा त्यात अडकला तर खेचू नका, खाद्यतेल चोळत हळूहळू सोडवा.

अंड्यांचं काय? मादी ओलसर मातीत अंडी घालते आणि उबेत ती साधारण दहा-बारा दिवसांत फुटतात. म्हणून कुंड्यांचा वरचा थर वाळू द्या. त्याऐवजी बरणीच्याच कोपऱ्यात 3-4 सेंटीमीटर ओल्या कोकोपीटची (नारळाच्या काथ्याच्या भुशाची) वाटी ठेवा, दर पाच दिवसांनी ती बदला, आणि काढलेली वाटी दोन-तीन दिवस फ्रीझरमध्ये ठेवून मगच फेका.

पिंजऱ्याच्या फटी पहिल्याच रात्री स्टीलच्या बारीक जाळीने बंद करा. प्लास्टिकची जाळी रातकिडे कुरतडतात, आणि झोपलेल्या सरड्याला चावतातही. मांजराने दोन-चार किडे खाल्ले तर घाबरू नका. पण काही जंत किड्यांतून मांजराच्या पोटात जातात. उलट्या होत राहिल्या तर डॉक्टरांना किड्यांबद्दल आवर्जून सांगा.

पकडलेले किडे बाहेर सोडू नका, ते बहुधा तिथले नसतात. घरात कुठेही औषध पडलं असण्याची शंका असेल तर हे किडे प्राण्यालाही घालू नका, रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा आणि टाकून द्या. शेवटचा किडा सापडल्यावरही बरणी आणखी तीन आठवडे जागेवर राहू द्या. आणि पुढचा डबा उघडाल तो उंच, गुळगुळीत टबच्या आतच उघडा.