आमची वाटचाल: स्कोअर किती, आणि आजाराचा दिवस कितवा?

२०२० आधी आमच्या सीटी स्कॅन मशीनवर मेंदू, मणका आणि पोटाचे स्कॅन जास्त व्हायचे, छातीचे एचआरसीटी (फुप्फुसाचे बारीक कापांचे सीटी स्कॅन) मोजकेच. कोविड आला आणि रांगच बदलली. त्या सप्टेंबरात राज्य सरकारने एचआरसीटीसाठी मशीनच्या क्षमतेप्रमाणे २,००० ते ३,००० रुपये दर बांधून दिला. तेव्हापासून आमची मेहनत मुख्यतः एकाच गोष्टीवर आहे: श्वास.

धाप लागलेल्या रुग्णाला श्वास रोखता येत नाही. फुप्फुसाचा तळ हलतो, चित्र फिसकटते आणि तो डाग ग्राउंड ग्लाससारखा, म्हणजे आजाराच्या धूसर डागासारखा दिसतो. म्हणून टेबलावर झोपवल्यावर दोनदा सराव करून घेतो आणि स्कॅन खालून वर नेतो, म्हणजे सर्वांत जास्त हलणारा तळ पहिल्या काही सेकंदांत मिळतो. श्वास अर्धवट घेतला तर सगळे फुप्फुसच पांढुरके दिसते. श्वासनलिकेची मागची भिंत आत झुकलेली दिसली की समजावे, श्वास सुटलेला होता. उताणे झोपल्यावर पाठीकडच्या भागात नुसत्या भारानेही धूसरपणा येतो. शंका असेल तर रुग्णाला पालथे करून तेवढ्याच भागाचे काप घेतो. धूसरपणा गेला, तर तो आजार नव्हे.

ग्राउंड ग्लास म्हणजे काचेवर वाफ धरावी तसा भाग. त्यातून रक्तवाहिन्या दिसतात. त्या झाकल्या गेल्या की कन्सॉलिडेशन, म्हणजे घट्ट झालेला भाग. कोविडमध्ये हे बहुधा दोन्ही बाजूंना, कडेला, पाठीकडे आणि खाली असते. वरच्या भागात पोकळी आणि कळ्या फुटलेल्या फांदीसारखे ठिपके दिसले, तर आधी क्षयाचा विचार करून थुंकी तपासायला हवी. आपल्याकडे हे विसरून चालतच नाही.

लोक मात्र विचारतात, ‘२५ पैकी किती?’ हाच स्कोअर: फुप्फुसांचे पाच खंड, प्रत्येकाला ० ते ५ गुण. खंडाचा ५ टक्क्यांपर्यंत भाग आजारी असेल तर १, ७५ च्या वर ५. हा आकडा फक्त पसारा मोजतो. चौथ्या दिवसाचा १२ अजून चढू शकतो, कारण चित्र साधारण दहाव्या दिवसाच्या आसपास सर्वांत गडद होते. विसाव्या दिवशी तोच १२ आजार ओसरताना आखडत चाललेल्या पट्ट्यांचा असू शकतो. पहिल्या दोन दिवसांत तर स्कॅन स्वच्छ येऊनही आरटीपीसीआर पॉझिटिव्ह असू शकते. म्हणून आमच्या रिपोर्टच्या पहिल्या ओळीत लक्षणांचा दिवस असतो, स्कोअर त्यानंतर.

फेरतपासणीला जुन्या स्कॅनची सीडी आणायला आम्ही फोनवरच सांगतो. नुसत्या जुन्या रिपोर्टवरून पट्टा नवा की जुना, हे ठरत नाही.