तो जिना ओळखीचा

इस्त्रीचे कपडे साठले की मी दुपारी टीव्ही लावते. बघायला नाही, नुसता चालू राहावा म्हणून. रात्रीच्या भागांचं पुनःप्रक्षेपण चाललेलं असतं, शर्टाच्या कॉलरवरून नजर न उचलता सगळं कळतं. ढगांचा गडगडाट झाला की कुणाला तरी काहीतरी समजलंय. बासरी वाजली की दोघं एकमेकांकडे बघतायत. आणि तीनदा ठण्ण-ठण्ण-ठण्ण झालं की घरातल्या सगळ्यांचे चेहरे एकेक करून दाखवणार, तेवढ्यात एक बाही होते.

तर त्या दिवशी मध्येच नव्या मालिकेचा प्रोमो लागला. स्कूटरवरून चाललेली मुलगी, पुढच्या पिशवीत फुलं. शेजारून जाणाऱ्या मोठ्या गाडीने तिच्या अंगावर चिखल उडवला. गाडीतून काळा चष्मा उतरला. मुलीने त्याला चार शब्द सुनावले, म्हणजे यांचं लग्न होणार. ‘लवकरच, सोमवार ते शनिवार.’ सगळं नेहमीचं. पण शेवटी त्या चष्म्याचं घर दाखवलं आणि मी इस्त्री उभी करून ठेवली. दिवाणखान्याच्या मधोमध उतरणारा, खाली येता येता दोन्हीकडे फाकणारा, कठड्याला सोनेरी वेलबुट्टी असलेला जिना. हा माझ्या ओळखीचा होता! नुकताच ‘प्रेक्षकांचा निरोप’ घेतलेल्या एका मालिकेतला. भिंती पूर्वी मोरपिशी होत्या, आता पांढऱ्या. देवघर उजवीकडून डावीकडे गेलंय. पण जिना तोच. त्याच्यावरून तीन बायका ढकलल्या गेल्या होत्या, मी विसरेन कशी?

यात वाईट काही नाही. घोडबंदर रोडला, मढला, गोरेगावच्या चित्रनगरीत कुठे कुठे हे सेट उभे असतात, एक कुटुंब गेलं की रंग मारून दुसरं येतं. भाड्याच्या घराचं असंच असतं. फक्त नव्या भाडेकरूंना मागच्यांचं काही माहीत नसतं आणि आपल्याला असतं. ही स्कूटरवाली मुलगी महिन्याभरात त्या जिन्याने पूजेचं ताट घेऊन उतरेल तेव्हा तिला सांगावंसं वाटणार, अगं, चौथ्या पायरीवर सांभाळ. तिथे तेल असतं.

मराठी मालिकांना हा घरातला जिना कुठून मिळाला, याचं मला नेहमी नवल वाटतं. बघणारे आपण दोन खोल्यांतले नाहीतर फार तर टू बीएचकेतले. आपल्याकडे जिना असतो तो सोसायटीचा, आणि लिफ्ट बंद पडल्यावरच त्याची आठवण येते. मालिकेत मात्र माणसं नाश्त्याला वरून खाली येतात. आजेसासू खाली बसते, खलनायिका वरच्या वळणावर एक हात कठड्यावर ठेवून उभी असते, आणि गरीब माहेरची माणसं दारातून आत येऊन मान वर करून बोलतात. कारस्थानं वरच्या खोलीत दार सताड उघडं टाकून ठरतात, म्हणजे जिन्यात थांबलेल्या माणसाला ऐकू यावीत. एवढ्या श्रीमंत घरात एका दाराला कडी नसावी?

माझं टीव्ही बघणंसुद्धा जिन्यातच सुरू झालं. आम्ही पुण्यात वाड्यात राहायचो आणि टीव्ही होता वरच्या काकूंकडे. सिंहगडावरच्या टॉवरकडे तोंड केलेली त्यांची अँटेना कौलांवरून लांबूनही दिसायची आणि आम्हा मुलांना तिचा उगाच अभिमान. काकूंची खोली भरली की उरलेल्यांनी जिन्यात बसायचं. मोठी मुलं वरच्या पायऱ्या पकडायची, मी नेहमी खाली. तिथून दाराच्या चौकटीमुळे पडद्याचा डावा अर्धा भागच दिसायचा. ‘चिमणराव’ लागायचं तेव्हा बाळ कर्व्यांचा गुंड्याभाऊ त्याच्या आकारमानामुळे माझ्या वाट्याला निदान थोडा यायचा. दिलीप प्रभावळकरांचा चिमणराव बहुतेक वेळा उजवीकडे उभा, त्यामुळे मला त्याचा नुसता आवाज. सगळी खोली हसली की मी हसायची आणि मग पुढच्या पायरीवरच्या मुलाला विचारायची, काय झालं रे? तो म्हणायचा, गप बस, पुढचं जातंय. त्या मुलाने मला कधीही काहीही सांगितलं नाही.

काकू तशा कडक होत्या. बातम्यांना आम्हाला उठवायच्या, ‘आमची माती आमची माणसं’ मात्र बघू द्यायच्या. त्यांचं शेत-बीत काही नव्हतं, अख्खा जन्म पेठेत गेला होता. पण उसावरच्या रोगाबद्दल कुणी बोलायला लागलं की त्या डोळ्यांवर चष्मा चढवायच्या. गुरुवारी छायागीताला वाड्यात जिन्यात पाय ठेवायला जागा नसायची आणि त्या दिवशी काकू दारात आपल्या चपलांवर लक्ष ठेवून बसायच्या.

तेव्हाच्या मालिकेला एक गोष्ट ठाऊक असायची, की आपण किती दिवसांच्या. दूरदर्शन मंजुरी द्यायचं ती तेरा भागांची, आठवड्याला एक. फार झालं तर सव्वीस. गोष्ट त्या हिशेबाने चालायची. सातव्या भागात गुंता, अकराव्यात वेग, तेराव्यात पाट्या. 1984 साली ‘हम लोग’ आलं आणि सतरा महिने चाललं तेव्हा लोक म्हणाले, केवढी लांबली! दर भागाच्या शेवटी अशोककुमार येऊन आपल्याला काय वाटायला हवं ते सांगून जायचे. मग 1999 मध्ये अल्फा मराठी सुरू झालं, ‘आभाळमाया’ आली, आणि रोज रात्री जेवणाच्या वेळेला ताटासमोर कुणीतरी रडायला लागलं. 2001 मध्ये आलेल्या ‘चार दिवस सासूचे’ने तर नावातले चार दिवस अकरा वर्षं पुरवले. तीन हजारांहून जास्त भाग झाले. त्या काळात आमच्याकडे दोन टीव्ही बदलले.

आमचे हे निवृत्त झाल्यापासून आमच्या घरातले खरे प्रेक्षक आहेत. मी येता-जाता बघणारी, ते बैठक मारून. नव्या मालिका आल्या की ह्यांची परीक्षाच असते, कारण साडेआठला दोन वाहिन्यांवर दोन नव्या आणि रिमोट एक. पहिला आठवडा ते दोन्ही बघतात, जाहिरातींत उड्या मारून. दुसऱ्या आठवड्यात एकीला न्याय मिळतो. जिला मिळतो तिच्यात मग ते पूर्ण गुंततात. परवा मी पोळ्या करत होते, बाहेरून आवाज आला, “अगं, ह्या बाईला घरात कुणी काही बोलत कसं नाही?”

“अहो, बोलले तर उद्या काय दाखवतील?”

“तसं नाही. पण नवरा तरी?”

नवरा दुबईला गेलाय, मी आतून सांगितलं. मी ती मालिका बघत नाही. पण नवरा दुबईला गेलाय हे तिथली प्रत्येक व्यक्ती दुसरीला दिवसातून दोनदा सांगते, त्यामुळे ओट्यापाशीही कळतं.

नव्या मालिकांबद्दल माझं एक मत पक्कं आहे. पहिले पंधरा दिवस बघावेत. ते खरंच चांगले असतात, आणि हे मी टोमणा म्हणून म्हणत नाही. वाईचा घाट असतो, कोकणातली आगर असते, उजेड खरा असतो. मुलगी कुठल्यातरी कामात हुशार असते. कुणी औषधी झाडं ओळखते, कुणी रिक्षा चालवते, कुणाला वकील व्हायचंय. तिचे वडील बहुतेक वेळा उत्तम नट असतात, नाटकातले, आणि त्यांना दोन छान प्रसंग मिळतात. संवाद लिहिणाऱ्याला झोप मिळालेली असते हे कळतं. मग गुरुवार येतो. गुरुवारी टीआरपीचे आकडे येतात, आणि त्या आकड्यांना वाईचा घाट आवडला की नाही ते समजतं. पुढच्या महिन्यात सगळे त्या दिवाणखान्यात येतात, दार लागतं आणि औषधी झाडं ओळखणारी मुलगी कुणाच्या तरी दुधात कुणी काय मिसळलं एवढंच ओळखत बसते. वकील होणारी मुलगी घरच्याच खटल्यात अडकते. रिक्षा जिन्याखाली तर लावता येत नाही, ती विकतात.

त्या मुलीला सुख मिळालं की मालिका संपते. हे तिच्याखेरीज सगळ्यांना माहीत असतं. सासूला माहीत असतं, दिवा विझवणाऱ्या वाऱ्यालाही माहीत असतं. ती मात्र बिचारी दर मंगळागौरीला मनापासून सुख मागते.

आणि गोष्ट तरी इथलीच असते असं नाही. ‘आई कुठे काय करते’ मुळात बंगालीतली ‘श्रीमोयी’. हिंदीत तीच ‘अनुपमा’ झाली. बंगाली आईचं 2021 मध्ये संपलं, मराठी आई 2024 पर्यंत सोसत राहिली. यालाही माझी हरकत नाही, सोसणाऱ्या आया सगळ्या भाषांत सापडतात. माझी हरकत एका वेगळ्याच गोष्टीला आहे, ती म्हणजे संगीत. मराठी घरातलं लग्न, मुलीचा बाप शिक्षक, आणि लग्नाच्या आधी तीन दिवस मेंदी, संगीत, स्टेजवर सगळ्यांचा नाच. तिकडे केळवणाचा एक प्रसंग आटोपशीर दोन मिनिटांत. मी हे ह्यांच्याजवळ बोलले तर म्हणाले, अगं आता आपल्या भाचीच्या लग्नातसुद्धा होतं की. होतं, मान्य आहे. तिने ते मालिकेतूनच उचललं.

माझं खरं दुखणं मात्र नाहीशा होणाऱ्या माणसांचं आहे. मुख्य माणसं गेली तर त्याचा सोहळा होतो. अपघात होतो, गाडी दरीत जाते, प्रेत सापडत नाही, आणि वर्षाने ती दाढी वाढवून नाहीतर दुसऱ्या नावाने परत येतात. किंवा एका सोमवारी जिन्यावरून भलताच माणूस उतरतो आणि सगळे त्याला जुन्या नावाने हाक मारतात, आपणही दोन दिवसांत मारायला लागतो. हे चालतं. पण कोपऱ्यातली माणसं? ती मावशी, जी चार दिवसांसाठी आली आणि पापड करून देते म्हणाली? ती शाळकरी मुलगी, जिची दहावीची परीक्षा होती? परीक्षा झाली की नाही? मालिका सहा वर्षं पुढे गेली, सगळ्यांच्या कानशिलावर दोन पांढरे केस आले, नव्या मुलांना जुनी नावं मिळाली, पण तिचा निकाल कुणी विचारला नाही.

त्यातही मला सगळ्यात जास्त लागून राहिलाय तो मोरपिशी भिंतींच्या घरातला धाकटा दीर. बारीकसा, चष्मा लावलेला, कायम मोबाइल हातात. वहिनीच्या बाजूने बोलणारा घरातला एकटा माणूस. एका रात्री जेवणाच्या टेबलावर सगळे तिच्यावर तुटून पडले होते, तो म्हणाला, “एक मिनिट, माझ्याकडे पुरावा आहे, चार्जर घेऊन येतो,” आणि जिना चढून वर गेला. तो खाली आलाच नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, गणपतीत नाही, नातवाच्या बारशाला नाही. त्याचं नाव कुणी काढलं नाही, त्याच्या आईनेसुद्धा नाही. मालिका त्यानंतर दीडेक वर्ष चालली असेल. शेवटच्या भागात सगळ्यांनी जिन्यावर ओळीने उभं राहून फोटो काढला, तेव्हा मी हातातली भाजी टाकून बाहेर आले आणि चेहरे मोजले. नव्हता.

ह्यांना विचारलं. ह्यांनी ती मालिका पहिल्या दिवसापासून बघितलेली, एकही भाग न चुकवता.

“कुठला दीर? तिला दीर नव्हता.”

“अहो, चष्मा होता त्याला. चार्जर आणायला गेला तो.”

“काहीतरीच. दोघी नणंदा होत्या. एक चांगली, एक वाईट.”

आता मी काय पुरावा देणार, तोही वरच राहिला.

त्या मुलाला दुसरीकडे काम मिळालं असेल. किंवा नाटकाचा दौरा लागला असेल, किंवा पैशांवरून बिनसलं असेल. बारा-तेरा तासांचं ते काम, सगळ्यांना नाही झेपत. स्कूटरवाल्या मुलीच्या प्रोमोत एक जण क्षणभर मागे उभा होता, दाढी, भारी कुर्ता, कुणाचा तरी थोरला भाऊ असावा. चष्मा नव्हता. नाक तेच वाटलं मला. प्रोमो परत लागला तेव्हा नीट बघायचं ठरवलं होतं, पण ह्यांनी वाहिनी बदलली.